हॉटेलला गावातून माल घ्यावा का? भावनेचं सोडा, हिशेब सांगा

चाकूरचा_पोरगा

राम राम मंडळी. लातूर-नांदेड रस्त्यावर बारा टेबलांचं हॉटेल टाकायलोय. पत्रे चढले, भट्टी बसली. आता माल कुठून घ्यायचा यावर घरात रोज वाजायलंय. एक सप्लायर येऊन गेला. एक फोन केला की सकाळी सातला टेम्पो दारात. पनीर, फ्रोजन मटार, कापलेली कोंबडी, तूरडाळ, एवढंच काय, पॅकबंद ज्वारीचं पीठ सुद्धा. वर पंधरा दिवसांची उधारी.

वडील म्हणतात, गावात घरटी दोन शेळ्या, तुझ्या काकाच्या दावणीला तीन म्हशी, अन् तू पनीर टेम्पोतून घेणार? लोक तोंडात शेण घालतील. वडिलांचं पटतं, पण बँकेचा हप्ता काही भावनेवर जात नाही. कुणी खरंच गावातून माल घेऊन हॉटेल चालवायलंय का? पैशाचं काय होतं तेवढं सांगा.

चुलीपुढचा_मुरूड

लातूर-बार्शी रस्त्याला चौदा वर्षं झाली मला. पहिलं हे ऐक: सगळा माल गावातून घेतो म्हणणारा हॉटेलवाला थापा मारतो. तेल, साखर, तांदूळ, चहापत्ती मी पण दुकानातूनच आणतो. पण बोकड, ज्वारी अन् दूध गावचं. बोकडाचं सविस्तर सांगतो, कारण खरा पैसा तिथंच जातो अन् तिथंच येतो.

आपल्याकडची शेळी उस्मानाबादी. काळीभोर, काटक, बऱ्याच वेळा जुळी देणारी. सांभाळणारी बाई असते अन् विकायची वेळ येते ती अडीनडीला. दवाखाना, पोराची फी, खताची पिशवी. मग मोटारसायकलवर हेडी, म्हणजे जनावरांचा व्यापारी, येतो, बोकडाची कंबर दाबतो, उचलल्यासारखं करतो अन् नगावर आकडा सांगतो. बाजारात नेलं तर दोन गडी रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवतात. जिचं बोकड ती बाजूला उभी.

मी हुकाचा वजनकाटा घेतला. पहिलं बोकड शेजारच्या वाडीतल्या एका आजीचं. हेडी साडेसहा हजार बोलून गेला होता. काट्यावर वीस किलो भरलं. ३८० रुपये किलोनं ७,६०० झाले. आजीचा विश्वास बसेना. दुसऱ्यांदा वजन करायला लावलं, अन् ह्या खेपेला आपणहून बोकडाच्या गळ्यातलं दावं सोडून घेतलं. म्हणाली, दाव्याचे पैसे मला नकोत. काट्यावर दाव्यानं पाव किलोचा सुद्धा फरक पडला नाही, पण तेव्हापासून त्या वाडीचं बोकड हेडीला मिळत नाही.

आता हिशेब. वीस किलोच्या बोकडाचं नऊ-साडेनऊ किलो मटण निघतं, साधारण निम्म्याच्या आत. ७,६०० अन् कापायचे ३००, झाले ७,९००. तेव्हा दुकानात मटण होतं ७४० रुपये किलो, म्हणजे तेवढंच मटण दुकानातून सातेक हजाराला आलं असतं. आठ-नऊशेचा खड्डा! पहिले दोन महिने मी तो खड्डा खिशातून भरला अन् बायकोच्या शिव्या खाल्ल्या.

खड्डा भरला तो वजडीनं. मुंडी, पाया, वजडी, रक्ती, कलेजी हे सगळं पण आपलंच असतं की, अन् मी ते येडपटासारखं खाटकाकडं सोडून यायचो. आता बुधवारी, शुक्रवारी अन् रविवारी बोकड पडतं, त्या दिवशी फळ्यावर खडूनं लिहितो. वजडी अकरालाच संपते. सकाळी पायाचा रस्सा प्यायला बार्शीचे दोन ट्रान्सपोर्टवाले येतात. ह्यातून बोकडामागं हजार-बाराशे सुटतात अन् मटण मला दुकानाच्या भावात पडतं. एक ध्यानात ठेव, खाटकाला तोडू नको. बोकड त्याच्याच परवान्याच्या दुकानात पडतं, कापायचे पैसे अन् कातडं त्याचं.

शिवाय एका वयाचं मटण एकदमच शिजतं. दुकानातल्या किलोत म्हातारी शेळी अन् कोवळं बोकड एकाच पिशवीत यायचं. एक फोड विरघळायची, दुसरी चामड्यासारखी ओढायची, गिऱ्हाईक ताटात बोट रोवून मला बोलवायचं. तो ताप गेला.

श्रावणात अन् नवरात्रात धंदा पडतो, तेव्हा आठवड्याला एकच घेतो, आधी सांगून. बकरी ईदला लोकांना माझ्यापेक्षा लई जास्त पैसे मिळतात. तेव्हा बोकड मलाच द्या म्हणायला मी कोण? तो आठवडा मी अंडाकरीवर काढतो.

ज्वारीचं थोडक्यात. पॅकेटचं पीठ मी पण आणून बघितलं होतं. भाकरी करणाऱ्या मावशीनं गोळा मळला, थापायला घेतला, कडा फुटल्या. तिनं गोळा परातीत आपटला अन् म्हणाली, ह्याला विरी नाही, तुमच्या आईला थापायला लावा. पीठ जुनं झालं की विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा, जाते, मग कितीही गरम पाणी घाला. आठवड्यातून तीनदा गिरणीत दळून आणतो. वर्षाला चाळीसेक क्विंटल लागते, चार घरांची घेतो. त्यातल्या एकानं सगळं रान सोयाबीनला दिलं होतं. आता रब्बीला परत ज्वारी पेरतो, कारण दाणे मी उचलतो अन् कडबा त्याच्या म्हशीला होतो.

अडकलेला_परभणीकर

पुण्यात राहतो, गावाकडं येताना ढाब्यावर थांबतो. माफ करा, पण 'गावरान' पाटीवरचा माझा विश्वास उडालाय. बाहेर बैलगाडीचं चाक टांगलेलं, आत पामतेल. गिऱ्हाइकानं ओळखायचं कसं?

चुलीपुढचा_मुरूड

वेटरला विचारा, आज काय नाही? सगळंच आहे म्हणाला तर चहा पिऊन उठा. गावातून माल घेणाऱ्याकडं रोज काहीतरी संपलेलं असतं. जेठ महिन्यात मेथी नसते, मटार नसतो. माझ्याकडं दुपारी दोनला मटण संपलं म्हटलं की निम्मी गिऱ्हाइकं तोंड वाकडं करून पुढच्या ढाब्याला जातात. तुम्ही थांबून पिठलं-भाकरी मागवली तर तीच मदत समजा, वर टिप नको.

म्हशीवाली_भूम

हॉटेलवाले दादा छान लिहितात. पण आमची बाजू कुणी लिहिणार का? मी एका हॉटेलला सकाळ-संध्याकाळ दूध घातलं. चार महिने पैसे वेळेवर. मग उद्या या, परवा या, मालक गावाला गेलेत. अकरा हजार बुडाले. मागायला गेलं की पाण्याचा ग्लास देणार अन् बसा म्हणणार.

डेअरी भाव पाडते हे खरं. गाईच्या दुधाला साडेतीन फॅट, साडेआठ एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घट्ट भाग) लागते अन् एक पॉइंट खाली आला की काटतात. पण दहा दिवसांनी खात्यात पैसे पडतात. आमच्या भूमकडं खव्याच्या भट्ट्या आहेत, मी आता तिथं घालते. शेतकऱ्याला साथ द्या म्हणणाऱ्यांनी आधी पैसे कुठल्या वारी देणार ते सांगावं.

चुलीपुढचा_मुरूड

ताई, तुमच्यापुढं मान खाली. ह्यातलं पाप मी पण केलंय. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी यायलं होतं, तेव्हा माझं हॉटेल निम्मं बंद. टँकरचे पैसे रोख द्यायचो अन् दूधवाल्याला थांब म्हणायचो. टँकरवाला थांबत नव्हता ना, म्हणून! तिघांचे पैसे तटले. दिवाळीपर्यंत फेडले सगळे, पण त्यातल्या एकानं परत माझी पायरी चढली नाही. आज त्याची गाडी माझ्या दारावरून पुढच्या हॉटेलला दूध घालायला जाते, हात सुद्धा करत नाही. तेव्हापासून बोकडाचे पैसे काट्यावरच, अन् दुधाचे दर सोमवारी.

चाकूरच्या भावा, तुझ्या पंधरा दिवसांच्या उधारीचं पण बघ. ती सप्लायरच्या भावात आधीच धरलेली असते. पनीर कितीनं देतोय?

चाकूरचा_पोरगा

२३० रुपये किलो.

चुलीपुढचा_मुरूड

किलोभर पनीरला म्हशीचं पाच लिटर दूध लागतं. साठनं धरलं तरी नुसत्या दुधाचेच तीनशे झाले, गॅस वेगळा. २३० मध्ये तो तुला पनीर देतोय का धर्मादाय करायलाय? ते दूध पावडर अन् पामतेलाचं असणार. तसला माल पनीर म्हणून विकता येत नाही, बॉक्सवर 'ॲनालॉग' लिहावं लागतं. बॉक्स उलटा करून बघ. डाळीचं पण विचार. आपल्या लातुरात एवढ्या डाळमिली, अन् टेम्पोतली तूर मोझांबिकची का म्यानमारची हे सांगायला कुणी नसतं. बदनापूरच्या बीडीएन-७११ वाणाची तूर तुझ्या चाकुरातच कुणाकडं तरी असणार, गिरणीत भरडून घे.

पनीर मी फक्त शनिवारी करतो, आठ किलो. बाकी दिवस कुणी मागितलं तर शेवभाजी पुढं करतो. गेल्या महिन्यात एका वऱ्हाडानं त्यापायी चाळीस ताटांची ऑर्डर काढून घेतली. झोंबलं. पण त्या दिवशी चाळीस ताटांचं खरं पनीर करायला माझ्याकडं दूध नव्हतंच.

अडकलेला_परभणीकर

मग ताटाचा भाव किती हो तुमच्याकडं?

चुलीपुढचा_मुरूड

मटण ताट २८०. शेजारी २४० ला मिळतं. भाकरी मोजत नाही.

चाकूरचा_पोरगा

आजच सप्लायरकडून नमुन्याचा बॉक्स आला होता, बघितला. खालच्या बाजूला, घडीच्या आत, मुंगीएवढ्या अक्षरात ॲनालॉग. वडिलांना दाखवला तर ते काही बोलले नाहीत, नुसते हसले. ते बोलण्यापेक्षा वाईट.

संध्याकाळी काकाकडं गेलो. रोज वीस लिटर लागेल म्हटलं, भाव काय लावतो? काका धार काढत होता. मान वर न करता म्हणाला, भावाचं मागून बघू, वार सांग.

म्हशीवाली_भूम

मग सांगितला का वार?

चाकूरचा_पोरगा

सोमवार म्हटलं. त्यानं काकूला कॅलेंडरवर खूण करायला लावली.