संत ब्लेज यांच्या चित्रात लोखंडी फणी नेमकी कशी काढावी?

प्रश्न (शहादा): नंदुरबार भागातल्या एका कॅथलिक चर्चसाठी संत ब्लेज यांचं ४ बाय ३ फुटांचं चित्र काढायचं आहे. सण ३ फेब्रुवारीला. एका मूर्तीच्या फोटोवरून कच्चं रेखाटन केलंय: एका हातात केसांच्या फणीसारखी फणी, दुसऱ्यात तटबंदीचं छोटं शहर, डोक्यावर उंच टोकदार टोपी. काय ठेवू, काय काढू? आणि ही फणी म्हणजे पिंजाऱ्याचंच अवजार का?

धुळे: शहर आधी पुसा, भाऊ. ते क्रोएशियातलं दुब्रोवनिक आहे. ब्लेज तिथले रक्षक संत, म्हणून तिथल्या मूर्तींच्या हातात ते असतं. ते स्वतः बिशप होते सेबास्तेचे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या सिवासचे. टोपीही त्यांच्या काळातली, म्हणजे चौथ्या शतकातली नव्हे, बरीच नंतरची. पूर्वेकडच्या जुन्या चित्रांत पांढरी दाढी, उघडं डोकं, खांद्यावर क्रूस काढलेला रुंद पट्टा आणि हातात शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या चरित्राचा ग्रंथ, असतं. मला तेच योग्य वाटतं.

चोपडा: पिंजाऱ्याचं अवजार नाही. पिंजारी धनुकलीच्या तातीने कापूस मोकळा करतो. ही लोकर विंचरायची फणी आहे: जाड लाकडाला आखूड मूठ, आणि त्यात वीतभर लांब, टोकाकडे निमुळते लोखंडी दाते. जोडीने वापरतात. एकीत लोकर अडकवायची, दुसरी तिच्यातून ओढायची. लांब तंतू सरळ होतात, आखूड गुंता मागे राहतो. कापसाचा तंतू जेमतेम इंचभर, तो असल्या दात्यांत टिकतच नाही, म्हणून आपल्याकडे कापसाच्या कामात ही दिसत नाही.

अशाच फण्यांनी त्यांचं अंग फाडलं आणि मग शिरच्छेद केला, अशी कथा आहे. लोकर विंचरणाऱ्यांनी त्यांना आपले संत मानलं ते यावरूनच. दाते बारीक आणि दाट काढलेत की पुन्हा केसांची फणी दिसेल. मोजकेच काढा, पण जाड, आणि उजेड एकाच बाजूने पाडा. रक्त दाखवू नका; लाल झगा हुतात्म्याची खूण म्हणून पुरेसा आहे.

भुसावळ: मेणबत्त्या विसरू नका. २ फेब्रुवारीला आशीर्वादित केलेल्या दोन मेणबत्त्या लाल फितीने फुलीसारख्या बांधतात आणि ३ तारखेला धर्मगुरू त्या भाविकाच्या गळ्याशी धरून प्रार्थना म्हणतात. फुली हनुवटीच्या खाली यावी. हल्ली त्या बहुधा न पेटवताच धरतात, कारण मेण ठिबकतं आणि केसांना धग लागते. चित्रातही विझलेल्याच दाखवा.

घशात माशाचा काटा अडकलेला मुलगा काढणार असाल तर आई सोबत हवी, कथेत तीच त्याला ब्लेज यांच्याकडे घेऊन येते आणि ते त्याला बरं करतात. ही आख्यायिका असली तरी घशाशी त्यांचं नाव जुनंच आहे: सहाव्या शतकातला वैद्य एटियस अडकलेलं हाड काढताना त्यांचं नाव घ्यायला सांगतो.

रोमन साम्राज्यात ३१३ मध्ये ख्रिस्ती धर्माला मोकळीक मिळाली, मग ब्लेज यांचं ३१६ मध्ये हौतात्म्य कसं, हे कोणीतरी विचारणारच. मोकळीक देणाऱ्यांत लिसिनियसही होता, पण साम्राज्याच्या पूर्व भागाचा हाच सम्राट पुढे ख्रिस्ती लोकांवर उलटला. सेबास्तेचे चाळीस हुतात्मेही परंपरेने ३२० चे, त्याच्याच काळातले. ब्लेज यांचं सविस्तर चरित्र मात्र कित्येक शतकांनी लिहिलं गेलं. म्हणून चित्राखाली नुसतं ‘इ. स. ३१६’ न लिहिता ‘परंपरेनुसार इ. स. ३१६ च्या सुमारास’ असं लिहा.