मदत हवी आहे: यकृताच्या रेडिएशननंतर लिम्फोसाइट घटले, मग प्रतिकारशक्ती जागी होते ती कशी?

वडिलांना यकृताचा कर्करोग आहे, एकच गाठ. ऑपरेशन करता येणार नाही म्हणून एसबीआरटी (गाठीवर नेमकं, मोठ्या डोसचं रेडिएशन) दिलं. आता सीबीसीमध्ये (रक्ताच्या तपासणीत) लिम्फोसाइट, म्हणजे प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी, बरेच खाली आलेत. इकडे वाचावं तर रेडिएशनने प्रतिकारशक्ती गाठीविरुद्ध जागी होते म्हणे! दोन्ही एकदम खरं कसं असेल? इम्युनोथेरपीचं लगेच विचारावं का? त्यांना हिपॅटायटिस बी आहे, गोळी रोजची चालू आहे. 'आता किती औषधं घ्यायची' म्हणून ती बंद करायचं घरात चाललंय.

प्रतिसाद १
गोळी अजिबात बंद करू नका, आधी हे. रेडिएशननंतर बीचा विषाणू पुन्हा उसळू शकतो आणि आधीच थकलेल्या यकृताला ते झेपत नाही.

लिम्फोसाइटचं म्हणाल तर दोन्ही खरं आहे, फक्त जागा वेगळ्या. या पेशी किरणांना फार नाजूक असतात आणि यकृतातून रक्त सतत वाहत असतं, त्यामुळे फिरत्या रक्तातल्या पेशी मरतात. तुमच्या रिपोर्टात तेच दिसतंय. गाठीत मात्र मरणाऱ्या पेशींचे तुकडे बाहेर पडतात, डीएनए तुटल्याने इंटरफेरॉन या प्रथिनाचा धोक्याचा इशारा जातो आणि टी-पेशींना (लिम्फोसाइटचाच एक प्रकार) शत्रू ओळखता येतो. पण गाठही गप्प बसत नाही. ती पीडी-एल१ नावाचं प्रथिन वाढवून टी-पेशींना ब्रेक लावते. त्यातून यकृत मुळातच सहनशील अवयव, आतड्यातून येणाऱ्या परक्या गोष्टींवर दरवेळी भडकून त्याचं चालणारच नाही.

म्हणून रेडिएशनसोबत तो ब्रेक काढणारी औषधं, म्हणजे तुम्ही म्हणताय ती इम्युनोथेरपी, देऊन पाहतात. एका गाठीला किरण दिल्यावर दूरची गाठही आटते, याला अ‍ॅब्स्कोपल परिणाम म्हणतात. हा शब्द १९५३चा आहे, पण नुसत्या रेडिएशनने असं क्वचितच घडतं. त्यावर भिस्त ठेवू नका.

धागाकर्ता
गोळीचं घरी सांगितलं, चालूच ठेवतोय. पुढचा स्कॅन तीन महिन्यांनी आहे. गाठ तेवढीच दिसली तर उपचार फसला समजायचं का?

प्रतिसाद २
नाही. एसबीआरटीनंतर गाठ काही महिने तशीच दिसू शकते, स्कॅनसाठी शिरेतून देतात ते कॉन्ट्रास्ट औषधही घेत राहते. एएफपी (यकृताच्या गाठीत रक्तात वाढू शकणारं प्रथिन) आधी वाढलेलं असेल तर तेही सोबत बघतात. इम्युनोथेरपीचं जरूर विचारा, पण यकृत किती काम करतंय, म्हणजे चाइल्ड-प्यू श्रेणी कोणती, हे आधी विचारा. निर्णय बराचसा त्यावर फिरतो. आणि कावीळ, पोट फुगणं, ताप, गुंगी यातलं काही दिसलं तर स्कॅनच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.