गढीवरचं खापर

ए-२०३: नमस्कार. आमचे चिरंजीव काल मामाकडे गेले होते. जुन्या नाशकातल्या मातीच्या गढीच्या, त्या उंच टेकाडाच्या, पायथ्याशी हे खापर सापडलं म्हणतो. शाळेच्या प्रकल्पात चिकटवायचंय त्याला. कुणाला काही कळतंय का? (फोटो)

सी-१०१: मोठं करून पाहिलं. नारिंगी-लाल, वर काळ्या तिरप्या रेघांची जाळी. ताई, टिचकी मारून बघा बरं.

ए-२०३: काका, खणखणीत वाजतंय! कपासारखं.

सी-१०१: मग जोर्वे पद्धतीचं असण्याची बरीच शक्यता आहे. म्हणजे सुमारे ३००० वर्षांपूर्वी इथे राहणाऱ्या शेतकऱ्यांच्या संस्कृतीचं. १९५०-५१ साली डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी ही गढी खोदली. वर अलीकडच्या शतकांचे थर, खाली सातवाहन काळ, आणि अगदी तळाशी अशी रंगवलेली भांडी आणि गारगोटीची बोटभर पाती. तांबं माहीत होतं, पण दुर्मीळ, म्हणून रोजच्या कापाकापीला दगडच. त्याच सुमारास संगमनेरजवळ प्रवरेकाठी जोर्व्यालाही खोदकाम झालं, त्या गावाचं नाव या संस्कृतीला पडलं. आपण पंचवटी म्हटलं की रामायणापाशी थांबतो. गोदाकाठी राहिलेल्या या शेतकऱ्यांचं नाव कुणी काढत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

बी-४०२: मी गढीच्या शेजारीच वाढले. पावसाळ्यात कड ढासळली की अशी खापरं निघायची. काठ दगडावर घासून गोल करायचो आणि ठिकरी खेळायचो. आम्हाला कुणी सांगितलंच नाही हो.

डी-३०४: काका, रविवारी मुलांना नेऊया? प्रत्येकाला एकेक तुकडा मिळेल.

सी-१०१: नेऊया, जरूर. पण कळकळीने सांगतो, कुणी काही उचलायचं नाही. कुठल्या थरात, कशाशेजारी होतं यावरून त्याचा काळ पक्का होतो. हातात आलं की तो धागा तुटला. आणि कडेला मुळीच जायचं नाही, माती केव्हा सुटेल नेम नाही.

ए-२०३: मग हे परत ठेवून येऊ?

सी-१०१: नको. नेमकं कुठे सापडलं ते त्याच्याच अक्षरात लिहून घ्या, तारीख घाला. सरकारवाड्यात पुरातत्त्व खात्याचं कार्यालय आहे, तिथे नेऊन दाखवा. प्रकल्पात चित्र काढून लावू दे.

बी-४०२: जाताना मलाही न्या गं. माझी एक ठिकरी अजून बटणांच्या डब्यात आहे.

ए-२०३: आजी, सोमवारी ११ला खाली या. रिक्षा सांगून ठेवते.