बेने इस्राएल कीर्तन आणि मलिदा: तालुक्याच्या गावी कार्यक्रम कसा करावा?

गोदाकाठचा कार्यवाह

नमस्कार. परभणी जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आमचे सार्वजनिक वाचनालय आहे. महाराष्ट्रातील मराठीभाषक ज्यू समाजाच्या, म्हणजे बेने इस्राएलांच्या, कलापरंपरेवर येत्या हिवाळ्यात एक कार्यक्रम करावा असे आमच्या कार्यकारिणीने ठरवले आहे. यामागे एक खंतही आहे. गेल्या वर्षी आम्ही अशाच एका लहान समाजाविषयी पडद्यावर चित्रे दाखवून व्याख्यान ठेवले होते. लोक आले, त्यांनी टाळ्या वाजवल्या, चहा घेतला आणि ते घरी गेले. शेजारच्या सतरंजीवर बसलेल्या अनोळखी माणसाशी कोणी दोन शब्दही बोलले नाही. गावात वारकरी आहेत, दर्ग्यावर जाणारे आहेत, बुद्धविहारात जाणारे आहेत, परंतु आमच्या सभागृहात वर्षानुवर्षे तीच चाळीस माणसे दिसतात.

या वेळची कल्पना अशी आहे. बेने इस्राएलांमध्ये मराठी कीर्तने होत असत असे वाचनात आले आहे, म्हणून गावातील वारकरी महाराजांना ज्यू धर्मग्रंथातील योसेफाची कथा लावण्याची विनंती करावी, शेवटी मलिदा प्रसाद म्हणून वाटावा आणि हे सर्व शनिवारी सायंकाळी पाच वाजता ठेवावे. जाणकारांनी चुका दाखवाव्यात.

टाळचिपळ्या

कल्पना चांगली आहे, पण कीर्तनाचा प्रकार चुकतो आहे. आपल्या भागात कीर्तन म्हटले की मृदंग, मागे टाळकरी आणि एकाच अभंगावर दोन तास निरूपण असेच डोळ्यांसमोर येते. १८८० च्या सुमारास मुंबईत बेने इस्राएलांनी जे कीर्तन उचलले, ते आख्यानप्रधान होते, म्हणजे नारदीय वळणाचे. बेंजामिन सॅमसन अष्टमकर यांचे नाव त्या पहिल्या पिढीत घेतले जाते. साकी, दिंडी, ओवी, अभंग, पद अशी वृत्ते बदलत कथा पुढे न्यायची आणि मधेच गद्यात श्रोत्यांशी बोलायचे, अशी ती रचना आहे. कथा मात्र अब्राहाम, योसेफ, मोशे, एस्तेर यांच्या. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर समाजाचा मोठा भाग इस्राएलला गेला आणि ही परंपरा मंदावली. त्यातली पदे पुढे प्रामुख्याने स्त्रियांच्या कंठांत राहिली.

म्हणून वारकरी महाराजांना संकटात टाकू नये. त्यांची बैठक वेगळी असते आणि ते नाराज झाले तर गावही नाराज होईल. एखादा नारदीय कीर्तनकार शोधावा. तो मिळाला नाही तर महिला भजनी मंडळाला हाताशी धरावे, कारण दिंडी आणि ओवी त्यांच्या गळ्यावर आधीच बसलेल्या असतात. ज्यू धर्मात मूर्तिपूजा नाही, म्हणून नमन मात्र निराकार एकाच ईश्वराचे असावे. व्यासपीठावर मूर्ती किंवा तसबीर ठेवून मागाहून खुलासे करत बसण्यापेक्षा ती ठेवूच नये.

योसेफाची निवड उत्तम आहे, आणि याचे कारण आपल्या मातीत आहे. भावांनी विकलेला मुलगा मिसरात (इजिप्तमध्ये) अधिकारपदी पोहोचतो, सुकाळाच्या सात वर्षांत धान्य साठवतो आणि दुष्काळाच्या सात वर्षांत तेच भाऊ त्याच्या दारात धान्य मागायला उभे राहतात. १९७२ चा दुष्काळ अंगावर काढलेली माणसे आपल्या गावात अजून आहेत. कथेत कोठारे उघडण्याचा प्रसंग आला की कीर्तनकाराने तिथे थांबावे आणि समोरच्या म्हाताऱ्यांना विचारावे की, आजोबा, मिलो ज्वारीची भाकरी कशी लागत होती, खडी फोडायला कोणत्या कामावर जात होता, सुकडी कुठे मिळत होती? माझी खात्री आहे की नंतरचा अर्धा तास कीर्तनकाराला तोंड उघडावे लागणार नाही. तुमच्या गेल्या वर्षीच्या व्याख्यानात हीच जागा रिकामी राहिली होती.

पूर्णेची लेक

मी बेने इस्राएल आहे. माझे वडील रेल्वेत नोकरीला होते आणि माझ्या बालपणाची चार वर्षे पूर्णा येथील रेल्वे वसाहतीत गेली, त्यामुळे आपला प्रश्न वाचून मला राहवले नाही.

प्रथम वाराबद्दल. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत आमचा शब्बाथ असतो. त्या काळात धार्मिक वळणाची कुटुंबे प्रवास करत नाहीत. पुण्या-मुंबईहून कोणाला बोलावणार असाल तर शनिवारी पाच वाजता समोरची खुर्ची रिकामीच दिसेल. कोकणात आमच्या पूर्वजांना ‘शनवार तेली’ हे नावच मुळी शनिवारी घाणा बंद ठेवल्यामुळे पडले. तेव्हा रविवार धरावा.

दुसरे, मलिद्याला प्रसाद म्हणू नये. मलिदा हा आमच्याकडे एलियाहू हन्नाबी, म्हणजे प्रेषित एलिया, यांच्या स्मरणाचा आणि आभाराचा विधी आहे. लग्नाआधी, मूल झाल्यावर, नवस फेडताना तो करतात आणि अलिबागजवळच्या खंडाळे गावी, जिथे एलियाहूंच्या रथाची खूण खडकावर उमटल्याचे मानतात, तिथेही करतात. भिजवलेले पोहे, साखर, ओले खोबरे, वेलची आणि सुकामेवा एकत्र करून ताटात रचतात, भोवती फळे आणि गुलाबाची फुले मांडतात, हिब्रू प्रार्थना झाल्यावर आशीर्वचन उच्चारून फळे खातात आणि मग मलिदा वाटतात. एका शहरातल्या खाद्यमहोत्सवात मी हेच ताट दराची पाटी लावून विकायला ठेवलेले पाहिले होते आणि तिथून काही न बोलता निघून आले होते. तुमच्याकडे बेने इस्राएल पाहुणे येणार असतील तर विधी त्यांना करू द्यावा आणि सर्वांनी त्यात बसावे. कोणी येणार नसेल तर गोड पोहे खुशाल करावेत, पण त्यांना मलिदा म्हणू नये.

पूर्णेला आमचे घर एकटेच होते. दहा पुरुषांची प्रार्थनासभा भरणे शक्य नव्हते, म्हणून वडील मलिद्याला शेजाऱ्यांना बोलावत. पलीकडच्या क्वार्टरमधल्या खालाजान पहिल्या वर्षी ताटाकडे बराच वेळ पाहत राहिल्या, कारण त्यांच्याकडे दर्ग्यावर जो मलिदा नेतात तो पोळी कुस्करून, तूप-गूळ घालून केलेला असतो. ‘नाम वही, चीज दूसरी’, असे म्हणून त्या हसल्या आणि पुढच्या गुरुवारी त्यांनी त्यांचा मलिदा आमच्या घरी पाठवला. आईने तो डबा रिकामा परत केला नाही. (सरकारी कामातला ‘मलिदा’ हा तिसरा प्रकार सगळ्या धर्मांत सारखाच आहे, असे वडील म्हणत.)

एक जुना सभासद

मला थोडी वेगळी शंका आहे. आजच्या परिस्थितीत ‘ज्यू’ हा शब्द फलकावर लिहिला की लोक थेट इस्राएल आणि पॅलेस्टाइनवर येतील. आमच्या गावात अर्धी वस्ती मुस्लिम आहे. माणसे जवळ आणण्यासाठी केलेला कार्यक्रम भांडणात संपू नये.

पूर्णेची लेक

दादा, शंका रास्त आहे. प्रश्न दाबू नये, पण कार्यक्रमही त्याच्या हवाली करू नये. सूत्रसंचालकाने आरंभीच एका वाक्यात सांगावे की, आजचा विषय कोकणातून आलेले मराठी कुटुंब आणि त्याची गाणी हा आहे. राजकारणावर चर्चा हवी असेल तर वाचनालयाने तिच्यासाठी वेगळा दिवस द्यावा. शिवाय इब्राहिम, यूसुफ आणि मूसा यांच्या कथा आपल्या मुस्लिम शेजाऱ्यांना लहानपणापासून ठाऊक असतात. कीर्तनानंतर एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला यूसुफची कथा त्यांच्या घरी जशी सांगतात तशी सांगायला बोलवावे. फरक कुठे पडतो हे ऐकण्यातच मजा आहे.

आणखी एक गंमत सांगते. मुंबईत १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी बांधलेल्या आमच्या पहिल्या सिनेगॉगला (प्रार्थनामंदिराला) आमचीच माणसे ‘जुनी मशीद’ म्हणत, आणि पुण्यात डेव्हिड ससून यांनी बांधलेल्या सिनेगॉगला पुणेकर ‘लाल देऊळ’ म्हणतात. सणांची आमची जुनी नावेही तशीच घरगुती आहेत: नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा (दारे लावून घेण्याचा) सण. ही नावे फलकावर मोठ्या अक्षरांत लावा, लोक आपोआप थांबून वाचतील.

टाळचिपळ्या

ताईंच्या म्हणण्यात एवढीच भर घालतो. प्रदर्शनाचा एखादा कोपरा करायचाच असेल तर तो छापील मराठीचा करावा. पेसाह या मिसरातील गुलामगिरीतून सुटकेच्या सणाच्या रात्री वाचायची ‘हगादा’ ही पोथी मराठी भाषांतरासह मुंबईत १८४६ मध्ये आणि पुण्यात १८७४ मध्ये छापली गेली. इस्राएलमधून १९८५ पासून ‘मायबोली’ हे मराठी त्रैमासिक निघाले, तेही दाखवावे. वाचनालयात ही माहिती शोभेल. पण ती भिंतीवरच राहू द्यावी, तिचे भाषण करू नये.

गोदाकाठचा कार्यवाह

सर्वांचा आभारी आहे. काल कार्यकारिणीची बैठक झाली. वार रविवार ठरला आहे आणि फलकावरून ‘प्रसाद’ हा शब्द काढला आहे. महिला भजनी मंडळाच्या प्रमुखांना दिंडीची चाल विचारली, तर त्यांनी तिथेच, हातातला चहाचा कप खाली न ठेवता, दोन ओळी म्हणून दाखवल्या आणि ‘यात योसेफ बसवायचा का?’ असे विचारले. दुष्काळाच्या आठवणींसाठी पाझर तलावाच्या कामावर मुकादम असलेले एक आजोबा तयार झाले आहेत, मात्र त्यांना ध्वनिक्षेपक हातात धरायचा नाही.

‘पूर्णेची लेक’ यांना एक विनंती आहे. आपण स्वतः येऊ शकाल का? पूर्णेहून आमचे गाव लांब नाही आणि परतीच्या गाडीची सोय आम्ही करू. येणार असाल तर पोहे जाड आणावेत की पातळ, आणि गुलाब किती लागतील, एवढे आधी कळवावे. आमच्याकडे गुलाब नांदेडहून मागवावा लागतो.