मदत हवी आहे: वर्कशॉपचं नेटवर्क रोज दिवसा रडतं, काय करू?

लेथवाला:
मंडळी, डोकं उठलंय. नाशिकला अंबडमध्ये छोटं वर्कशॉप आहे. दिवाळीपासून नेट नुसतं रडतंय. बिल काढायला बसलं की स्क्रीन गोठते आणि मग ‘सर्व्हरशी संपर्क तुटला’. नेटवाल्याला चार वेळा बोलावलं. माणूस येतो, मोबाइलवर स्पीड टेस्ट करतो, शंभर दाखवतो, चहा पिऊन जातो. राउटर नवीन आणला, फरक शून्य. २० तारखेच्या आत जीएसटी रिटर्न भरायचंय, जरा लवकर सांगा.

कॉलेजरोडकर:
मेश वायफाय लावा. मी घरी तीन डबे लावलेत, गच्चीवरसुद्धा फुल रेंज. पैसे जातात पण डोक्याचा ताप संपतो.

जुना_नेटवर्की:
मेशवर जाण्याआधी थोडं विचारू द्या. सर्व्हर ऑफिसात आहे की क्लाउडवर? बिल काढणारं मशीन वायरवर की वायफायवर? आणि दिवसभर रडतं की ठरावीक वेळी?

लेथवाला:
सर्व्हर पुढे ऑफिसातच आहे. बिलिंग मागे स्टोअरमध्ये. वायर आहे. वेळ अशी काही नाही, मधूनमधून.

जुना_नेटवर्की:
म्हणजे तुमचं बिल वर्कशॉपच्या बाहेर जातच नाही! मग स्पीड टेस्ट कशाला बघताय? द्वारका चौकात जाम लागलाय आणि तुम्ही हायवे पुढे मोकळा आहे का ते विचारताय.
असं करा. स्टोअरच्या मशीनवर कमांड प्रॉम्प्टच्या तीन खिडक्या उघडा. एकीत सर्व्हरला पिंग (म्हणजे हाक मारून उत्तर येतं का बघणं), दुसरीत राउटरला, तिसरीत ८.८.८.८ ला, म्हणजे बाहेरच्या गूगलच्या सर्व्हरला. प्रत्येकाच्या शेवटी मायनस टी टाका, म्हणजे थांबवेपर्यंत चालत राहील. तेच सगळं ऑफिसातल्या एका मशीनवरूनही करा. सॉफ्टवेअर गोठलं की घड्याळ बघून वेळ लिहून ठेवा.

द्राक्षबाग_निफाड:
थंडीचा परिणाम आहे. आमच्याकडे पारा खाली गेला की नेट हमखास जातं. वायर आकसते.

पंचवटी_एक्सप्रेस:
डीएनएस बदलून १.१.१.१ करा. आमच्या ऑफिसात लगेच फरक पडला.

जुना_नेटवर्की:
डीएनएस म्हणजे नावावरून पत्ता शोधणं. घरातल्या घरात थेट आकडी पत्त्याने (आयपी) जोडलेल्या सर्व्हरला त्याचं काय? चालू कनेक्शन मध्येच तुटतंय, पत्ता सापडत नाही अशी तक्रारच नाहीये.

पंचवटी_एक्सप्रेस:
अनुभव सांगितला साहेब, चिडू नका.

सर्किटबाई:
कॅमेरे किती? आणि त्याच नेटवर्क स्विचवर (सगळ्या केबल जोडायचा डबा) आहेत का? हे कोणी आपणहून सांगत नाही.

लेथवाला:
८ आहेत. हो, त्याच स्विचवर.

कॉलेजरोडकर:
सापडलं! कॅमेरे सगळं खातात.

सर्किटबाई:
नाही हो. एका कॅमेऱ्याचे ४ एमबीपीएस धरले तरी ८ चे ३२. गिगाबिट स्विचला ते जाणवणारही नाहीत. पण लिंक खरंच गिगाबिटवर, म्हणजे १००० एमबीपीएसवर आहे का? दादा, स्टोअरच्या मशीनवर इथरनेटचं स्टेटस उघडून स्पीड किती दाखवतंय ते सांगा.

लेथवाला:
स्पीड १०० एमबीपीएस दाखवतंय. ऑफिसातल्या मशीनवर १ जीबीपीएस.
पिंगचं: ऑफिसातून सर्व्हर, राउटर दोन्ही १ एमएसच्या (मिलिसेकंद) आत, एकही चुकलं नाही. स्टोअरमधून मात्र तिन्ही खिडक्यांत एकदमच ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’, आठ-दहा ओळी, मग परत सुरळीत. आणि हो, शनिवारी अकाउंटंट एकटाच येतो, तेव्हा मस्त चालतं.

जुना_नेटवर्की:
शनिवारचं आत्ता सांगताय?

लेथवाला:
शनिवारी आमची सुट्टी असते ना. त्यात काय सांगायचं?

सर्किटबाई:
तीच तर चावी आहे. दुखणं स्टोअर ते ऑफिस या एका केबलवर आहे. गिगाबिटला केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, शंभरला दोन पुरतात. म्हणजे एखादी जोडी तुटली असणार. पण तुटकी जोडी काही शनिवारी बरी होत नाही, तेव्हा दुसरंही काहीतरी आहे. केबल जाते कुठून? दिवाळीत नवीन मशीन घेतलं का?

कॉलेजरोडकर:
शनिवारी माणसंच नसतात म्हणून लोड कमी. साधी गोष्ट आहे.

सर्किटबाई:
लोड असता तर पिंगचे आकडे हळूहळू चढले असते. इथे १ एमएस आणि मग थेट उत्तरच बंद. तरी पडताळून बघा: कामाच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कॅमेरे आणि बाकी मशीन काढून त्या केबलच्या दोन टोकांना फक्त दोन लॅपटॉप ठेवा आणि शॉपमधली यंत्रं एकेक करून चालू करा.

पंचवटी_एक्सप्रेस:
अवांतर: अंबडला जेवणाच्या सुट्टीत चांगली मिसळ कुठे मिळते? उद्या येतोय.

लेथवाला:
मिसळीचं नंतर. दिवाळीला टिग वेल्डिंग मशीन घेतलंय, ते सांगायचं राहिलं.
लॅपटॉप दारातल्या स्टुलावर ठेवून उभा राहिलो. लेथ चालू, काही नाही. कॉम्प्रेसर, काही नाही. पोराला म्हटलं टिग मार. आर्क पडायचा अवकाश, टाइम्ड आउट! तो थांबला की पिंग परत. सहा वेळा केलं, सहाही वेळा तेच. पोरगं हसायला लागलं.
मग शिडी लावून वर चढलो. केबल टिगच्या पॉवर वायरसोबत एकाच पत्र्याच्या ट्रेमधून आलीय. आणि मध्येच एक जोड. वीतभर पीळ सोडून, तारा हाताने गुंडाळून वर काळी टेप! तपकिरी तार तर टेपमधून बाहेरच लोंबत होती.

जुना_नेटवर्की:
धन्य तो इलेक्ट्रिशियन. तारांना पीळ असतो तो बाहेरचा गोंगाट जोडीतल्या दोन्ही तारांवर सारखाच पडावा म्हणून. म्हणजे दुसऱ्या टोकाला तो वजा होतो. पीळ सोडला की तिथे ॲंटेनाच झाली. टिगचा आर्क हाय फ्रिक्वेन्सीने पेटतो, आणि त्याची वायर शेजारूनच जातेय. शिल्डेड केबल (आत धातूचं आवरण असलेली) टाका.

सर्किटबाई:
शिल्डेडला नीट अर्थिंग नसेल तर ते शिल्डच त्रास देतं. वर्कशॉपमध्ये सरळ फायबर (काचेच्या तंतूची केबल) टाका, काचेला वेल्डिंगचं काही सोयरसुतक नाही. अंतर किती?

लेथवाला:
साठेक मीटर. तात्पुरती नवीन कॅट सिक्स मागच्या भिंतीने जमिनीवरून आणलीय, ट्रॉलीखाली येऊ नये म्हणून वर फळी टाकली. १ जीबीपीएस दाखवतंय, दिवसभर टिग चालू ठेवून एकही पिंग गेलं नाही. रिटर्न आज भरतो. फायबर जोडायला माणूस लागेल का?

सर्किटबाई:
दोन्ही टोकं बसवलेली तयार केबल मिळते, ७० मीटरची घ्या आणि दोन्हीकडे मीडिया कन्व्हर्टर (फायबर साध्या नेटवर्क केबलला जोडणारा डबा). कोपऱ्यात दुमडू नका, गोल वळण द्या. उरलेली गुंडाळून ठेवा.

द्राक्षबाग_निफाड:
मग आमचं थंडीतलं नेट का जातं?

जुना_नेटवर्की:
काका, वेगळा धागा काढा. आणि वायर की वायफाय ते पहिल्याच ओळीत लिहा.