उपास-प्रार्थनेसाठी मनोरुग्णाला मुक्कामी ठेवता येते का?

लष्करवासी (प्रश्न; इथली व पुढची नावे ही लिहिणाऱ्यांची टोपणनावे)

माझ्या भाच्याला स्किझोफ्रेनिया आहे. गोळ्या नियमित सुरू झाल्यापासून तो बराच सावरला आहे. पुण्याबाहेर मुक्कामी प्रार्थना घेणाऱ्या एका गटाने मात्र त्याच्या आईला सांगितले आहे की गोळ्या घेणे म्हणजे विश्वासात उणे पडणे. ‘मुलाला चाळीस दिवस आमच्याकडे ठेवा,’ असे त्यांचे म्हणणे. तिचे मन द्विधा झाले आहे. त्यातच आमच्या मंडळीतील (चर्चमधील) काही वडीलजनांचे म्हणणे असे की लोकांनी बाहेर जाण्यापेक्षा भक्तिगृहामागच्या दोन खोल्यांत आपणच अशी सोय करावी, आणि हा विषय आता पास्टोरेट कमिटीपुढे, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीपुढे, येणार आहे. कायद्याने हे चालते का, आणि ख्रिस्ती मंडळीने अशा वेळी नेमके काय करणे उचित?

शिवाजीनगर कोर्ट

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. मानसिक आजार असलेल्या व्यक्तींना देखभाल, उपचार वा पुनर्वसनासाठी, तात्पुरते का होईना, जिथे दाखल करून ठेवले जाते, ती जागा न्यासाची असो की खासगी, तिला कोणतेही नाव दिलेले असो, ती या कायद्याखालची आस्थापना ठरते आणि कलम ६५ नुसार तिची नोंदणी लागते. नातेवाइकांबरोबर राहण्याचे घर यातून वगळले आहे. भक्तिगृहामागच्या खोल्या त्या सवलतीत बसतील असे मला वाटत नाही. नोंदणीशिवाय चालवल्यास पहिल्या वेळी पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड आहे.

श्रद्धेच्या वाटेला मात्र हा कायदा जात नाही. उलट, समाजातील प्रचलित धार्मिक समजुतींशी एखाद्याचे जुळत नाही एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही, असे कलम ३ सांगते. कायद्याचा रोख माणसाला कसे वागवले जाते यावर आहे. कलम ९५ ने साखळीने बांधण्यास पूर्ण मनाई केली आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडीच्या दर्ग्याजवळ मनोरुग्णांना ठेवण्याच्या जागेला आग लागली तेव्हा बांधून ठेवलेल्या २८ जणांना पळताही आले नाही, हे कमिटीतल्या वडीलजनांना अवश्य सांगावे.

निवृत्त सिस्टर

मी मनोरुग्णांच्या शुश्रूषेत नोकरी केली आहे आणि स्वतः मंडळीची सभासद आहे, म्हणून चाळीस दिवसांच्या हिशेबाबद्दल लिहिते. या आजाराच्या गोळ्या बंद केल्या की त्रास दुसऱ्याच दिवशी उलटतो असे नाही. अनेकदा काही आठवडे, काही महिने जातात. तोवर गोळ्यांमुळे येणारी गुंगी आणि हातापायांचा ताठरपणा कमी झाल्याने मुलगा अधिक तरतरीत दिसतो, गटात तो बरा झाल्याची साक्ष दिली जाते, आणि आवाज पुन्हा ऐकू येऊ लागतात ते घरी परतल्यावर. तेव्हा साक्ष ऐकणारे कोणी नसते. आई एकटी असते. फसवणुकीचा हेतू असतोच असे मी म्हणणार नाही. पण मुदत अशी आहे की यश त्यांच्या पदरी पडते आणि अपयश आईच्या. लिथियम हे मनोविकारावरचे औषध घेणाऱ्याने तर पाणी तोडून उपास केला की रक्तातील लिथियम घातक पातळीला जाऊ शकते.

१ राजे १९ मध्ये एलीया झुडपाखाली बसून मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला विश्वासाबद्दल बोल लावत नाही. झोपू देतो, निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी देतो, तेही दोनदा. उपास घडवत नाही. आणि पौलाने लूकला ‘प्रिय वैद्य’ म्हटले आहे, हे पाळकसाहेबांना ठाऊक असेलच.

मंडळीला काही करायचेच असेल तर मुक्काम नको, सोबत द्यावी. बाह्यरुग्ण विभागाच्या दिवशी केसपेपर काढायला कोणी बरोबर जावे, गोळ्या संपण्याआधी आठवण करावी, आई बाजारात जाईल तेवढा वेळ मुलाजवळ बसावे.

गुरुवार पेठ

सिस्टरांशी सहमत आहे, पण मंडळीने सरकारचा भार आपल्या शिरावर घेऊन गप्प बसू नये. कलम १८ ने मानसिक उपचार हा हक्क केला आहे आणि दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला सरकारी आस्थापनांत ते मोफत मिळायला हवेत. प्रत्यक्षात राज्यात प्रादेशिक मनोरुग्णालये चार : येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. येरवड्याची मंजूर क्षमताच २,५४० खाटांची. एवढी मोठी इमारत आहे, पण घराजवळ महिन्याची गोळी सहज मिळेल अशी व्यवस्था अजून तोकडी आहे. लोक प्रार्थनागटाकडे वळतात त्यात श्रद्धेइतकाच या अंतराचा वाटा आहे, असे माझे मत आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात किती जागा भरलेल्या आहेत, हे कमिटीने माहितीच्या अधिकारात विचारावे.

लष्करवासी

सर्वांचे आभार. खोल्यांचा प्रस्ताव मागे घेऊन सोबतीचा प्रस्ताव मांडावा, असे पाळकसाहेबांना सुचवतो. एक शंका : भाचा स्वतः म्हणतो की त्याच्या उपचारांबाबत आईने नव्हे, मी बोलावे. हे लिहून ठेवता येते का?

शिवाजीनगर कोर्ट

येते. कलम १४ नुसार साध्या कागदावर, त्याच्या सहीने किंवा अंगठ्याने, तो तुम्हाला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमू शकतो. तुमची तयारी हवी आणि पुढे त्याला ते बदलताही येते. आजारी पडल्यास कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत, हे कलम ५ खाली आगाऊ निर्देशात लिहिता येते. तो सावरलेला आहे तोवरच दोन्ही कागद करून घ्या. मध्ये अडचण आली तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आईजवळ असू द्या.