मास्क सक्तीचा, पण ओला झाल्यावर दुसरा कोण देणार?

हॉटेलात अन्न शिजवणाऱ्या-वाढणाऱ्यांबद्दल 'मालकाने मास्क सक्तीचा केला की प्रश्न मिटला' असं काही जण म्हणतात; त्या मताशी मी अर्धाच सहमत आहे. नियम काढणं सोपं. पण भट्टीसमोर तासन्‌तास उभं राहणाऱ्याने तो पाळायचा कसा, यावर कुणी बोलतच नाही. घामाने आणि वाफेने मास्क लवकर ओला होतो. मग श्वास घेणं जड जातं, माणूस तो सारखा खाली ओढतो आणि त्याच हाताने ताट उचलतो. म्हणून सक्ती करायचीच तर 'ओला झाला की नवा, तोही मालकाच्या खर्चाने' हे कलम हवंच. एकच मास्क देऊन दिवस काढा म्हणणं हा निव्वळ देखावा.

ते हनुवटीवर बसवायचे पारदर्शक प्लास्टिकचे अर्धगोल तर आणखी गमतीचे. थुंकीचे मोठे थेंब अडतात, बारीक कण वरून आरामात निसटतात. फोटोत मात्र छान दिसतात!

तरी मास्क निरुपयोगी असं मी म्हणणार नाही. साधारण 30 टक्के माणसांच्या नाकात स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू मुक्कामाला असतो, आणि त्याने अन्नात सोडलेलं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. पण जुलाब-उलट्या घडवणाऱ्या नोरोव्हायरस या विषाणूचं काय? तो बऱ्याचदा न धुतलेल्या हातांनी अन्नात जातो. पगार कापला जाईल म्हणून जुलाब-उलट्या होत असतानाही कामावर येणाऱ्याला मास्क लावून काय साधणार? आधी आजारपणाची भरपगारी रजा द्या.

आणि 'गिऱ्हाइकांना आवडत नाही' म्हणून स्वतःहून लावलेला मास्क उतरवायला लावणारे मालकही असतात, त्यांच्यासाठी कुठला नियम?